सासूच्या शेळीची बाजू

तोरूबुलाकमध्ये कोणाच्याही घरी अर्धी वाटी चहा संपेपर्यंत बसलात, तर तुम्हाला सांगतील की आमच्या शेजारच्या ऊलकान आपानं वादक शेरमातचं तीन तारांचं कोमुझ चहा उकळायच्या समोवारात घालून जाळलं. तेही तो गेल्याला आठवडा व्हायच्या आत. आणि त्यावर उकळलेला चहा तिनं एकटीनं प्याला. सांगणारा इथे आवाज खाली आणतो, दाराकडे बघतो आणि म्हणतो, "आता कारण काय असेल ते तुम्हीच समजा."

समजण्यासारखं काही नाही. जळालं ते कोमुझ नव्हतं, त्याचं फुटलेलं झाकण होतं. ते शेरमातनं जिवंतपणी स्वतःच्या हातानं तिच्या हातात दिलं होतं. "घे, याचा सूर गेला, चहाला तरी लागू दे," असं म्हणून. चहाही ती एकटी प्याली नाही. शेरमात प्याला, आणि तीन वाट्या मीही प्यालो. मग ही अफवा आली कुठून? माझी बायको म्हणते, माझ्या गिरणीतून. असेलही. मी दळणाच्या वजनात कधी मारत नाही, त्याची भरपाई बातमीत भर घालून करतो.

तर ऊलकान आपा. वय शहात्तर. उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज माझ्या छपराइतका. डावा कान लहानपणी तापात गेला, त्यामुळे तिचं सगळं जग उजव्या बाजूला राहतं. डावीकडे बसून तिला काही सांगणं म्हणजे वाऱ्याला सांगणं. ही गोष्ट तिच्या सासूला लग्नानंतर दोन वर्षांनी कळली. आपा म्हणते, संसारातली तीच दोन वर्षं शांततेत गेली.

ती नमदे करते, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड. आमच्याकडे फरशीवर अंथरायचा गालिचा कसा करतात ते सांगायला हवं, कारण पुढे ते लागेल. एक काळा नमदा आणि एक पांढरा, असे दोन एकावर एक ठेवायचे आणि एकाच सुरीनं एकदमच शिंगांची नक्षी कापायची. मग काळ्यातून निघालेला तुकडा पांढऱ्याच्या भोकात बसवायचा, पांढऱ्यातला काळ्याच्या भोकात. एका कापणीत दोन गालिचे होतात, चिंधी वाया जात नाही. फक्त कापणाऱ्याचा हात हलता कामा नये. आपाचा हलत नाही. हलते ती जीभ.

माहेराहून येताना तिनं दोन गाद्या, एक तांब्याचा समोवार आणि बापानं शिकवलेलं कोमुझ आणलं. जर्दाळूच्या लाकडाचं, तीन तारांचं. नवरा मोमुन कोलखोजच्या, म्हणजे सरकारी सामूहिक शेताच्या, मेंढ्या राखायचा. भला माणूस. त्याला संगीत इतकं आवडायचं की पहिल्या तारेला तो झोपायचा आणि शेवटच्या तारेला उठून "वा" म्हणायचा.

शेरमात पाटाच्या पलीकडे राहायचा. कोलखोजचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. बोटं पान्यासारखी जाड, नखांत कायम काळं तेल. पण त्या बोटांत कोमुझ आलं की ट्रॅक्टरवालेही टोपी काढून बसायचे. त्याच्यात खोट एकच होती. त्याला थांबता येत नसे. एक सुंदर जागा सापडली की तो तिथेच घिरट्या घालायचा, जसा पाहुणा दारात उभा राहून निरोप घेत बसतो आणि आत थंडी येते.

या दोघांची गाठ पडली ती एका शेळीमुळे.

आपा तेव्हा वीस वर्षांची नवी सून. सासूनं नदीपलीकडच्या बहिणीकडून एक शेळी मागून घेतली आणि ती आणायला शेरमातला पाठवलं, कारण तो त्या बाजूला जाणारच होता. शेळी झुलत्या पुलापर्यंत आली आणि बसली. शेरमातनं आधी तिला ओढलं. मग गोंजारलं. मग मीठ दाखवलं. मग तिच्या शेजारी बसून तिला समजावलं की पूल भक्कम आहे, गेल्या साली याच्यावरून घोडा गेलाय. अर्धा दिवस गेला. अलीकडच्या काठावर नवी सून पाण्याच्या बादल्या खाली ठेवून हे सगळं बघत होती आणि रुमालाचं टोक तोंडात कोंबून हसत होती. शेवटी शेरमात थकून एकटाच पुलावरून निघाला, आणि शेळी आपली आपण उठून त्याच्या मागोमाग चालू लागली.

त्या संध्याकाळी सासूनं त्याला जेवायला ठेवून घेतलं. जेवण झाल्यावर त्यानं कोमुझ घेतलं आणि आपली दिवसभराची विनवणी वाजवली. सगळे हसले. तो पहिली विनवणी संपवून श्वास घ्यायला थांबला, तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या सुनेनं भिंतीवरचं आपलं कोमुझ काढलं आणि शेळीचं उत्तर वाजवलं. तीनच ठोके, "नाही, नाही, नाही". शेरमातनं मान वळवली. दुसरी विनवणी केली. तिनं दुसरं उत्तर दिलं, जरा लांब, आतून बडबडल्यासारखं. सासू म्हणाली, "माझी शेळी हिच्यापेक्षा कमी बोलते." पण तिनं कोमुझ काढून घेतलं नाही, आणि धुनेचं नाव त्या दिवसापासून 'सासूची शेळी' पडलं.

पुढे अशा एकूण नऊ धुनी झाल्या. पद्धत अशी की आपा फरशीवर गुडघे टेकून नमदा कापायची आणि शेरमात तिच्या उजवीकडे, म्हणजे चांगल्या कानाकडे, बसून वाजवायचा. तो सुरात असेपर्यंत सुरी चालायची. घिरट्या सुरू झाल्या की सुरी थांबायची. तो चिडायचा.

"का थांबलीस?"

"मी नाही, तू थांबायला हवं होतंस."

"अजून एक फेरा होता त्यात."

"फेरा तुझ्यात होता. धून मघाशीच घरी गेली."

मग ती सुरी ठेवून कोमुझ उचलायची आणि ज्या जागी त्यानं थांबायला हवं होतं त्या जागेतून आपलं बोलणं सुरू करायची. दोघांनी एकाच सुरीनं कापलेलं काम. त्याच्या भोकात तिचा तुकडा, तिच्या भोकात त्याचा. तिच्या डोक्यात कोमुझ आणि नमदा यांत कधी फार फरक नव्हता.

सगळ्याच धुनी हसण्याच्या नव्हत्या. एका हिवाळ्यात आपाची मधली मुलगी गोवरात गेली. आपा, जिची जीभ झोपेतही हलते, ती एकवीस दिवस बोलली नाही. शेरमात रोज यायचा, उजवीकडे बसायचा, चांगला वेळ गेल्यावर एक मोकळी तार छेडायचा आणि पुन्हा गप्प. जाताना सांत्वनाचा शब्द नाही, दुआ नाही. बाविसाव्या दिवशी त्या एका तारेला आपानं एक सूर लावला. तिसाव्या दिवशी तीन. वसंतात ती धून झाली, आणि त्याच दिवशी आपा मला, म्हणजे कुंपणावर चढलेल्या शेजारच्या पोराला, उतर म्हणून ओरडली. अख्ख्या गल्लीला हायसं वाटलं.

आता रेडिओची गोष्ट. पंचेचाळीस वर्षांपूर्वी राजधानीतून एक माणूस ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आला. मे महिना होता, पण खिंडीत उशिरानं बर्फ पडलं, आणि आपा नवऱ्यासोबत मेंढ्या घेऊन खिंडीपलीकडच्या कुरणावर अडकलेली. शेरमात एकटाच यंत्रापुढे बसला. 'सासूची शेळी' वाजवता वाजवता थांबला.

"मधेच का थांबता, आगा?" त्या माणसानं विचारलं.

"इथं दुसरीचं बोलणं आहे. खिंड उघडली की येईल ती."

"गाडी आज दुपारी निघणार."

"मग जागा ठेवून वाजवतो. नंतर येऊन भरून घ्या."

तो हो म्हणाला. सरकारी माणूस येतो म्हणतो तेव्हा काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

ती फीत रेडिओवर लागली आणि देश रडला. तुम्हीच विचार करा. माणूस विनवतो, गप्प होतो, पुन्हा विनवतो, पुन्हा गप्प. उत्तर नाही. शेळी खिंडीपलीकडे अडकलेली, हे कोणाला ठाऊक? राजधानीत कोणीतरी धुनेचं नाव ठेवलं 'खिंडीतला विलाप'. शेरमातला बोलावणी येऊ लागली. मंचावर तो रिकाम्या जागेशी यायचा आणि सवयीनं उजवा हात तारांवरून उचलून कोमुझाच्या डोक्यावरून डावीकडे न्यायचा, "घे, तुझी पाळी" म्हणून. तिथे कोणी नसायचं. कोमुझ वाजवताना आमच्याकडे हातानं गोष्ट सांगतात, घोडा, वारा, बंदूक सगळं दाखवतात. तेव्हा लोकांनी हाही एक हावभाव समजला आणि शिकणाऱ्यांनी उचलला. आज जिल्ह्यातलं प्रत्येक पोर त्या जागी हात डावीकडे नेतं. भिंतीकडे, खिडकीकडे, जे असेल तिकडे.

आपाला मंचावर का नेलं नाही? त्यानं दोनदा विचारलं. दोनदा उत्तर आलं की एक कोमुझ, एक माणूस, कार्यक्रम असाच असतो. आपा म्हणायची, "मी आले तर मेंढ्या काय तुमचा रेडिओ राखेल?" ते अर्धं खरं होतं. घरी मात्र दोघं रोज पूर्ण वाजवायची, आणि आम्ही गाववाले ते रोज भिंतीपलीकडून ऐकायचो. पण आम्ही तोरूबुलाकचे लोक. भिंतीपलीकडून येतो तो आवाज, रेडिओतून येते ती कला. ऊलकान बसते शेरमातजवळ, तारा लावून देते, असंच सगळे म्हणायचे.

शेरमात चार वर्षांपूर्वी गेला. यंदा तो ऐंशीचा झाला असता. संस्कृतिघराच्या जीपारनं, जी मुलांना कोमुझ शिकवते आणि दमत कशी नाही हे मला कळत नाही, मोठा उत्सव ठरवला. नऊ धुनींचं पुस्तक, नव्या वर्गाला शेरमातचं नाव. पुस्तक लिहायला राजधानीतून ताबिल्दी नावाचे पंडित आले आणि वसंतात आठवडाभर माझ्या घरी उतरले.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. एके सकाळी पंडितांनी वही काढली आणि विचारलं, "हात डावीकडे जातो, त्याचा अर्थ गावात काय सांगतात?"

माझ्या तोंडात तळलेला बोर्सोक होता. मी म्हटलं, "गरुड."

"कुठला गरुड?"

"कोकरू उचलून नेणारा."

त्यांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कोकरू म्हणजे प्रेयसी का?"

मी म्हटलं, "तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणता तर प्रेयसीच."

मला वाटलं, पंडित हसतील. त्यांनी अधोरेखित केलं.

उत्सवाच्या आधी, मंगळवारी, जीपारनं गावातल्या म्हाताऱ्यांना पुस्तकातला उतारा ऐकायला बोलावलं. पंडित वाचू लागले. आपा त्यांच्याकडे डावा कान करून बसली होती आणि मजेत साखरेचा खडा चघळत होती. पंडित म्हणत होते की डावी दिशा ही मावळतीची आणि मृत्यूची, की गरुडानं आत्मा नेला, की 'तिसऱ्या स्तब्धतेत कलावंताचा दाबलेला हुंदका ध्वनिफितीवर स्पष्ट ऐकू येतो'. माझ्या बायकोनं आपाला कोपरानं ढोसलं. आपानं मान वळवली.

"कोण रडलं म्हणे?"

"शेरमात आगा," जीपार म्हणाली.

"कशापायी?"

"प्रेयसीसाठी, आपा. खिंडीतून परत आली नाही ती."

"खिंडीतून सगळे परत आले. मेंढ्यासुद्धा मोजून आल्या. तिथं शेळी आहे."

पंडितांनी चष्मा वर केला. आपानं सगळं सांगितलं, पूल, मीठ, सासू, यंत्र, बर्फ. शेरमातच्या डावीकडे मावळती नसून ती स्वतः बसत होती, कारण तिचा उजवाच कान चालतो. पंडितांनी ऐकून घेतलं. मग फार मऊ आवाजात म्हणाले, "आपा, राग मानू नका. मी तीस वर्षं गावोगाव फिरतोय. प्रत्येक गावात मला एक आजी भेटते, जी म्हणते की ही धून माझीच."

"आणि त्यातल्या कितीजणींना तुम्ही वाजवायला सांगितलंत?"

जीपार हळूच म्हणाली की शनिवारचा कार्यक्रम छापून झालाय, पुस्तक सोमवारी छापखान्यात जाईल, आणि पुढल्या वर्षापासून जिल्ह्यातल्या सगळ्या वर्गांत त्यावरूनच शिकवतील. म्हणजे भोकासकट, गरुडासकट.

घरी परतताना आपा पाटाच्या कडेनं माझ्या पुढे चालत होती. थांबली.

"गरुडाचं त्याला कोणी सांगितलं?"

मी पाण्याकडे बघत राहिलो. पाणी छान वाहत होतं.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "शनिवारी माझी खुर्ची तू उचलून न्यायचीस. मुलांच्या रांगेच्या डाव्या टोकाला ठेवायची."

"आपा, तुला हा मानपान हवाय तरी कशाला या वयात?"

"मला मान नको असं म्हणणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. मला हवाय. अर्धं काम माझं आहे. आणि मी गेले की शेळी गेली, मग पोरं जन्मभर भिंतीला हात दाखवत बसतील."

पुढचे तीन दिवस भिंतीपलीकडून कोमुझ ऐकू येत होतं, आणि मधे मधे शिव्या. बोटं आखडली होती. ती मेंढीच्या शेपटीची चरबी कोमट करून त्यात बोटं बुडवायची आणि पुन्हा बसायची. तिसरं उत्तर सगळ्यात लांब आणि अवघड. ते गुरुवारी तीनदा पडलं. शुक्रवारी माझी बायको पीठ चाळता चाळता थांबली आणि म्हणाली, "ऐक." मी ऐकलं. पन्नास वर्षं ऐकतोय मी ते. पण त्या दिवशी पहिल्यांदा कानानं ऐकलं.

शनिवारी मैदानावर नमद्याचे तंबू लागले होते, घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, कुमीसच्या, मशका घुसळल्या जात होत्या, आणि वरच्या कुरणांवरून घोड्यांवर बसून माणसं उतरली होती. जीपारची चाळीस मुलं पांढऱ्या टोप्या घालून एका रांगेत बसली. मी खुर्ची नेऊन डाव्या टोकाला ठेवली. जीपारनं पाहिलं, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. आपा येऊन बसली, कोमुझ शालीखाली. लोकांना वाटलं, म्हातारीला दिसत नसेल, पुढे बसू दे.

मुलांनी 'खिंडीतला विलाप' सुरू केला. पहिली विनवणी झाली. बायकांनी रुमाल काढले. चाळीस हात एकदम वर उठले, कोमुझांच्या डोक्यांवरून डावीकडे गेले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ते कोणाकडे तरी गेले. चाळीस हातांच्या टोकाला ऊलकान आपा होती. तिनं तीन ठोके दिले.

मुलं दचकली, पण जीपारची शिस्त कडक. त्यांनी दुसरी विनवणी सुरू केली. पुन्हा हात. या वेळी आपानं लांब उत्तर दिलं, पुलाच्या फळ्यांवर खूर आपटल्यासारखं, मग पाय मागे ओढल्यासारखं. मागे एक म्हातारा मेंढपाळ घोड्यावरच बसून ऐकत होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, आणि मैदानाच्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं, "अरे, ही तर शेळी आहे."

कोणीतरी हसलं. मग एक बाई रुमालातच हसली. तिसऱ्या विनवणीला मुलांच्या टोप्या हलू लागल्या, चौघापाचजणांची बोटं घसरली, आणि आपा तिसऱ्या उत्तराला पोचायच्या आत धून हसण्यात विरघळून गेली. मी एवढा मोठा आनंद एखाद्या विलापात कधी पाहिला नव्हता.

ताबिल्दी पंडित उभे राहिले. चिडले नव्हते, हे सांगायला हवं. "फार गोड गंमत झाली," ते म्हणाले. "पण रिकाम्या भांड्यात कोणीही काहीही ओतू शकतं. त्यावरून भांडं त्याच्यासाठी घडवलं होतं असं ठरत नाही."

आपाचा उजवा कान त्यांच्याकडेच होता. ती म्हणाली, "मग शेरमातलाच विचारू. लावा त्याची फीत."

आता जीपार पुढे झाली. पंडितांना म्हणाली, "आगा, एक गोष्ट मला सांगायची आहे. दुसऱ्या थांब्यानंतर सूर एकदम वर उडी घेतो. का, ते मला कधी कळलं नाही. मुलांना मी सांगायचे, हे कोडं आहे. आत्ता आपाचं उत्तर ज्या सुरावर संपलं, बरोबर तिथूनच तो निघतो. कोडं नव्हतंच ते. अर्धं वाक्य होतं." एवढं बोलून तिनं फीत लावली.

कर्ण्यातून जुनी खरखर आली, आणि मग शेरमात. चार वर्षांनी तो बोलत होता. पहिली विनवणी. थांबला. आपाचे तीन ठोके, आणि तिसऱ्या ठोक्याच्या पाठीला पाठ लावून तो पुन्हा सुरू. दुसरी. ती जागा सात ठोक्यांची होती, आपाचं उत्तर सात ठोक्यांत संपलं, आणि शेरमात तिच्याच सुरावरून वर चढला. पंडितांनी वही खाली ठेवली.

मग तिसरी, लांब जागा. ती जागा भरायला म्हातारीची बोटं पुरतील याची खात्री नाही, हे मला आणि माझ्या बायकोलाच ठाऊक होतं. बायकोनं माझी बाही धरली. आपानं सुरुवात केली. शेळी आधी कुरकुरली, मग बसली, मग शेरमातच्याच विनवणीची तिनं नक्कल केली, तीच धून, पण नाकात, वेडावून दाखवल्यासारखी. आणि त्या नकलेच्या नेमक्या शेवटी कर्ण्यातून तो आवाज आला, पुस्तकातला दाबलेला हुंदका.

तो हुंदका नव्हता. शेरमातला हसू आलं होतं. रिकाम्या खोलीत, सरकारी यंत्रापुढे, मनातल्या मनात तिची नक्कल ऐकून त्याला हसू फुटलं होतं, आणि यंत्र खराब होऊ नये म्हणून त्यानं ते नाकात दाबलं होतं. पंचेचाळीस वर्षं देश त्या जागी रडत होता. आता मैदानावरच्या प्रत्येकाला ते ऐकू आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी माझ्यापुरतं त्या क्षणी भोगलं, पण माझ्याकडे बघायला कोणाला वेळ होता?

आपा थांबली नाही. शेवटचा भाग नेहमी सगळ्यांना साधा वाटायचा, शेरमात दमला असं म्हणायचे. तो पुलावरून एकट्यानं चालण्याचा भाग आहे. आपानं त्याच्यावर शेळीची चाल चढवली, टपटप, एक पाऊल मागे, आणि दोघं बरोबरीनं पूल ओलांडून अलीकडे आली. खरखर थांबली. मग टोप्या उडाल्या, घोडे बिथरले, आणि एका कुमीसच्या मशकेचं बूच कोणी न काढता उडालं असं मी सांगतो, बायको म्हणते ते खोटं आहे.

पंडित रांग ओलांडून आपाजवळ आले आणि तिच्या उजव्या बाजूला खाली बसले. मान्य करावं लागेल, माणूस कच्चा नव्हता. म्हणाले, "आपा, पुस्तक सोमवारी जाणार नाही. नऊच्या नऊ तुम्ही मला वाजवून दाखवा. मी गरुड काढून टाकतो."

"कोकरूही काढा," आपा म्हणाली.

"तेही काढतो. आणि दोन्ही नावं घालतो." मग त्यांनी मैदानाला लागून असलेल्या नव्या वर्गाच्या दारावरच्या फलकाकडे पाहिलं. निळ्या पाटीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत या टोकापासून त्या टोकापर्यंत शेरमातचं नाव होतं. पंडित जरा ओशाळले. "फलकाचं मात्र अवघड आहे, आपा. रंगवून झालाय. तुमच्या नावाला जागाच उरली नाही."

आपानं फलकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "त्याचं नाव जरा सरकवा. माझ्यासाठी सरकून बसायची त्याला सवय आहे."